न वापरलेल्या वस्तूची साक्ष

२०१९ च्या होळीआधी हिंदुस्थान युनिलिव्हरने सर्फ एक्सेलची एक जाहिरात काढली. पांढरा टी-शर्ट घातलेली एक लहान मुलगी सायकलवरून गल्लीत फिरते, पोरांचे रंगाचे सगळे फुगे अंगावर घेऊन संपवते. मग आपल्या मुसलमान मित्राला मागे बसवून, त्याच्या पांढऱ्या कुडत्यावर एकही डाग पडू न देता, नमाजासाठी मशिदीच्या दाराशी सोडते. जाहिरात पुष्कळांना आवडली, पुष्कळांना खटकली. खटकलेल्यांनी बहिष्काराची हाक दिली. तोवर यात नवे काही नव्हते. पण त्याच दिवसांत गूगल प्ले स्टोअरवर मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या पानावर एकेक स्टारचे शेरे पडू लागले. ज्या सॉफ्टवेअरवर आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी मेंटेनन्सचा हिशेब मांडतो आणि शाळेतली बाई मुलांचे गुण चढवते, त्याला हिंदूविरोधी ठरवून लोक शिक्षा देत होते. त्यात काही थट्टेखोरही असतील. तरी बाकीच्यांनी ते मनापासून केले होते, आणि नावातला 'एक्सेल' एवढाच दोघांमधला संबंध होता.

हा प्रकार त्या वेळी सगळ्यांनी हसण्यावारी नेला. मला तो तेव्हाही गंभीर वाटला होता, आज अधिक वाटतो. चुकीच्या दारावर दगड पडला म्हणून आपण हसलो. पण योग्य दारावर पडला असता, म्हणजे खुद्द सर्फ एक्सेलच्या पानावर एक स्टार पडला असता, तर तो शेरा खरा ठरला असता का? ज्याने त्या पावडरीत एकही कपडा भिजवला नाही त्याने डाग निघतात की नाही याबद्दल काय सांगावे? दोन्ही शेरे सारखेच पोकळ आहेत. एक्सेलच्या पानावर ते लगेच दिसून येते, एवढाच फरक.

आपल्याकडे याची ठळक सुरुवात २०१५ च्या नोव्हेंबरात झाली. दिल्लीत रामनाथ गोएंका पत्रकारिता पुरस्कारांच्या कार्यक्रमात आमिर खान देशातल्या वाढत्या असहिष्णुतेबद्दल बोलला. देश सोडून जावे का, असा प्रश्न पत्नीने घरी विचारल्याचे त्याने सांगितले. आमिर तेव्हा स्नॅपडील या ऑनलाइन दुकानाचा चेहरा होता. 'ॲप वापसी' असा हॅशटॅग निघाला, लोकांनी ॲप काढून टाकले आणि काढण्याआधी एक स्टार देऊन गेले. आमिरची मते त्याची वैयक्तिक आहेत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, असे कंपनीला जाहीर करावे लागले. पुढे २०१६ मध्ये त्याच्याशी असलेला करार वाढवला गेला नाही. ही मोहीम आपोआप पेटली की पेटवली गेली, यावर नंतर वाद झाला. पत्रकार स्वाती चतुर्वेदी यांच्या २०१६ च्या पुस्तकात भाजपच्या समाजमाध्यम पथकात काम केलेल्या एका स्वयंसेविकेने ती पक्षाच्या सांगण्यावरून चालल्याचा आरोप केला. पक्षाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या तत्कालीन प्रमुखांनी तो साफ फेटाळला.

याच स्नॅपडीलला दीड वर्षाने पुन्हा मार बसला, तोही दुसऱ्याच्या नावाचा. अमेरिकेतल्या एका खटल्यात स्नॅपचॅटच्या एका माजी कर्मचाऱ्याने म्हटले होते की, हे ॲप श्रीमंतांसाठी आहे, भारत आणि स्पेनसारख्या गरीब देशांत आपल्याला जायचे नाही, असे कंपनीचे प्रमुख इव्हान स्पीगल बोलले. कंपनीने ते नाकारले. एप्रिल २०१७ मध्ये ही बातमी इकडे आली, स्नॅपचॅटवर एक स्टारचा पाऊस पडला, आणि नावातल्या 'स्नॅप'मुळे त्याचे शिंतोडे दिल्लीजवळच्या गुरुग्राममधल्या, स्पीगलशी काडीचाही संबंध नसलेल्या दुकानावरही उडाले.

यात बिघडले काय, असे विचारणारे भेटतात. कंपन्या कोट्यधीश आहेत, चार दिवस रेटिंग खाली जाईल, पुन्हा वर येईल. मोठ्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही असते. पण स्टारची किंमत छोट्यांना किती पडते हे मोजले गेले आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या उपाहारगृहांची विक्री आणि 'येल्प' या संकेतस्थळावरचे त्यांचे रेटिंग ताडून पाहिले. एक पूर्ण स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढते, असे त्यांना दिसले; आणि हा परिणाम साखळी हॉटेलांवर नव्हता, एकट्यादुकट्या मालकाच्या खानावळींवर होता. मोठ्या साखळीचे नाव गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असते. कोपऱ्यावरच्या खानावळीबद्दल परगावचा माणूस काय जाणतो? फोनवर दिसणारा आकडा तेवढा जाणतो.

२०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग छापून आला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना त्यांनी, कुठलाही विचार न करता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, एकेक अनुकूल किंवा प्रतिकूल मत देऊन सोडून दिले. ज्या प्रतिक्रियेला असे फुकटचे एक अनुकूल मत मिळाले, तिचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. पहिल्याने चांगले म्हटले म्हणून पुढचे चांगले म्हणत गेले. खोट्या प्रतिकूल मताला मात्र पुढच्या लोकांनी बऱ्याच अंशी भरून काढले. म्हणजे एकट्यादुकट्याच्या द्वेषाला गर्दी सावरू शकते. खोट्या कौतुकाला ती फशी पडते. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण राजकीय स्टार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फक्त संताप येतो.

कौतुकाचे उदाहरण २०२० च्या उन्हाळ्यातले आहे. मे महिन्यात यूट्यूबवर कॅरीमिनाटी या नावाने व्हिडिओ करणाऱ्या तरुणाने टिकटॉकवाल्यांची खिल्ली उडवली. त्या व्हिडिओने लोकप्रियतेचे उच्चांक मोडले आणि यूट्यूबने तो नियमभंगासाठी काढून टाकला. चाहते चिडले. त्यातच टिकटॉकवरच्या एका प्रसिद्ध कलाकाराचा ॲसिड हल्ल्याचे समर्थन करणारा वाटावा असा व्हिडिओ समोर आला आणि राष्ट्रीय महिला आयोगाने त्याची दखल घेतली. कोविडमुळे चीनवरचा राग होताच. टिकटॉकचे प्ले स्टोअरवरचे रेटिंग साडेचारच्या आसपासून काही दिवसांत दीडच्याही खाली आले. गूगलने लाखो शेरे पुसून टाकले. त्या वेळच्या बातम्यांत हा आकडा ८० लाखांच्या घरात होता. महिनाभराने, २९ जूनला, गलवानच्या संघर्षानंतर सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली.

त्याच दिवसांत 'मित्रों' नावाचे, टिकटॉकसारखेच एक ॲप आले. स्वदेशी पर्याय म्हणून त्याची द्वाही फिरली. मेअखेर ५० लाखांवर डाउनलोड आणि रेटिंग ४.७. मग उघड झाले की त्यामागचा सोर्स कोड क्यूबॉक्सस नावाच्या पाकिस्तानी कंपनीकडून ३४ डॉलरना विकत घेतलेला आहे. कोड विकत घेणे बेकायदा नाही, कितीतरी ॲपे तशीच उभी राहतात. पण ४.७ स्टार देणाऱ्यांनी नेमके कशाचे गुणांकन केले होते? अनेक शेऱ्यांत, ॲप अडकते, लॉगआउट करायला जागा नाही, अशा तक्रारी लिहून वर पाच स्टार दिलेले होते, कारण ते भारतीय आहे अशी समजूत होती. जूनच्या सुरुवातीला गूगलने नियमांचे कारण देऊन ते स्टोअरवरून उतरवले आणि काही दिवसांनी परत घेतले. जयपूरच्या एका कंपनीने काढलेले 'रिमूव्ह चायना ॲप्स' हेही तेव्हाचेच. त्याला तर जवळजवळ पैकीच्या पैकी गुण होते. ते फोनमधली चिनी ॲपे शोधून काढायचे, एवढेच त्याचे काम. स्टार मिळत होते ते त्याच्या नावाला.

बहिष्काराच्या हक्काबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पुण्यात ७ ऑक्टोबर १९०५ रोजी, वंगभंगाच्या चळवळीत, विदेशी कपड्यांची होळी झाली. फर्ग्युसन कॉलेजात शिकणारे सावरकर पुढाकार घेणाऱ्यांत होते, टिळक आणि शिवरामपंत परांजपे यांची भाषणे झाली. सावरकरांना त्यापायी दहा रुपये दंड झाला आणि कॉलेजच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. त्या होळीत एक गोष्ट अगदी स्वच्छ होती. मँचेस्टरचे कापड विरते, त्याचा रंग जातो, असे तिथे कोणी म्हणत नव्हते. उलट ते तलम आणि स्वस्त आहे, हेच सगळे दुखणे होते. आपले कापड भरड आहे, महाग आहे, तरी तेच अंगावर घाला, असे चळवळ लोकांना उघडपणे सांगत होती. त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा-पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. लोकांनी पैसा दिला तो देशी कारखाना उभा राहावा म्हणून. काच विलायतेपेक्षा सरस आहे, असा दाखला त्यांच्याकडून कोणी लिहून घेतला नव्हता.

बहिष्कार घालणारा आपले नाव, आपले कारण आणि आपली झीज तिन्ही पुढे ठेवतो. वस्तू चांगली असूनही मी घेणार नाही, असे तो म्हणतो, आणि म्हणून त्याच्या शब्दाला वजन असते. स्टार देणारा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. स्टारचा अर्थ एवढाच असतो की, मी हे वापरले आणि मला असे आढळले. न वापरता दिलेला स्टार ही न पाहिलेल्या घटनेची साक्ष आहे. कारण कितीही उदात्त असो, कोर्टात आपण अशा साक्षीदाराला उभेही करणार नाही. आणि हे माझ्या बाजूच्या लोकांनी केले तरी तितकेच चूक आहे. या विषयात आपापल्या बाजूला सूट देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून तसे स्पष्ट लिहितो.

जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरीला हिंदू नसलेला माणूस येतोय म्हणून झोमॅटोवरची ऑर्डर रद्द केली. कंपनीने त्याचे म्हणणे मानले नाही आणि अन्नाला धर्म नसतो, असे जाहीर उत्तर दिले. संस्थापक दीपिंदर गोयल यांनी त्या भूमिकेची पाठराखण केली. मला ती भूमिका पटली. तिच्याविरुद्ध झोमॅटोला एक स्टार देणाऱ्यांचे मला अर्थातच पटले नाही, आणि पाठिंबा दिला म्हणून उबर ईट्सलाही ज्यांनी झोडपले त्यांचेही नाही. पण माझ्यासारख्या कोणी त्या भूमिकेसाठी पाच स्टार दिले असतील, तर तेही गरम जेवण वेळेवर आले की नाही याबद्दल खोटेच बोलले.

सिनेमाच्या बाबतीत हे सगळे जास्त उघडपणे दिसते, कारण आयएमडीबी या संकेतस्थळावर मतांची विभागणी कोणालाही पाहता येते. यशराजचा 'गुंडे' फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. सुरुवातीच्या निवेदनात १९७१ चे युद्ध भारत-पाकिस्तानचे युद्ध म्हणून सांगितले होते आणि बांगलादेशाचा जन्म त्यातून झाल्याचे म्हटले होते. ज्या देशाने मुक्तिसंग्रामात लाखो माणसे गमावली, त्याला स्वतःचा लढा दोन ओळींत पुसलेला दिसला. ढाक्यातून निषेध झाला, यशराजने माफी मागितली. दरम्यान आयएमडीबीवर ४० हजारांहून अधिक मते पडली, नव्वद टक्क्यांच्या वर एक स्टारची, आणि 'गुंडे' काही काळ जगातला सर्वांत वाईट चित्रपट ठरला. बांगलादेशी लोकांची तक्रार शंभर टक्के रास्त होती. पण ती तक्रार त्या आकड्यात वाचता येत नाही. ब्राझीलमधल्या प्रेक्षकाला १.४ हा आकडा दिसला, म्हणजे सिनेमा फारच रटाळ असेल असे तो समजला. मुक्तिसंग्रामाचे नावही त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. रास्त रागाचेही त्या एका आकड्यात मातेरे झाले.

'द प्रॉमिस' हा आर्मेनियन नरसंहारावरचा चित्रपट २०१६ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. मोजके खेळ झाले, पाहणारे फार तर काही हजार. पण आयएमडीबीवर हजारोंच्या हजारो मते जमा झाली, बहुतेक एक किंवा दहा. नरसंहार झालाच नाही म्हणणारे एका टोकाला, झाला म्हणणारे दुसऱ्या टोकाला. मधल्या आकड्यांवर जवळजवळ कोणीच नव्हते. इथे 'छपाक' आठवतो. ७ जानेवारी २०२० रोजी दीपिका पदुकोण जेएनयूमध्ये मारहाण झालेल्या विद्यार्थ्यांशेजारी जाऊन उभी राहिली. तीन दिवसांनी आलेल्या तिच्या चित्रपटाला आयएमडीबीवर त्याची किंमत मोजावी लागली. आणि २०२२ च्या मार्चमध्ये 'द काश्मीर फाइल्स'. आयएमडीबीवर तो दहाच्या उंबरठ्यावर होता. मग या शीर्षकावर असाधारण मतदान आढळले असून वेगळी भारांकन पद्धत लावली आहे, अशी सूचना तिथे झळकली आणि गुण ८.३ च्या आसपास आले. दिग्दर्शक विवेक अग्निहोत्री यांनी हे अनैतिक असल्याचे म्हटले. वेगळी पद्धत म्हणजे नेमकी कोणती, हे आयएमडीबी सांगत नाही. सांगितले तर तिच्यातून पळवाट काढता येईल असे तिचे म्हणणे. हे कारण मला समजते, पण त्याने समाधान होत नाही.

कारण कोणाचे मत मोजायचे, हे ठरवणारा हात हा या विषयाचा दुसरा आणि कमी चर्चिलेला भाग आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रॉबिनहूड या शेअर खरेदीच्या ॲपने गेमस्टॉप कंपनीचे शेअर विकत घेण्यावर अचानक बंधन आणले. हजारो छोटे गुंतवणूकदार अडकले, त्यांनी एक स्टार दिले. गूगलने सुमारे एक लाख शेरे ठरवून केलेला हल्ला समजून काढून टाकले. पण यातले पुष्कळ लोक खरे गिऱ्हाईक होते आणि ॲपने ऐन वेळी काम केले नाही, हीच त्यांची तक्रार होती. लोकांनी पुन्हा एक स्टार दिले. या वेळी गूगलने ते राहू दिले. एकच राग, एकच पान. एकदा कचरा ठरला आणि एकदा मत ठरला. टिकटॉकचे लाखो शेरे पुसले गेले तेव्हाही, आपल्या मुलीचे व्हिडिओ कोणी उचलले म्हणून तक्रार लिहिणारी एखादी आई त्या ढिगात नव्हती, असे कोण सांगेल?

खरेदीची पावती तपासली की प्रश्न मिटतो, असे वाटते. हिलरी क्लिंटन यांचे २०१६ च्या निवडणुकीवरचे पुस्तक सप्टेंबर २०१७ मध्ये बाजारात आले. पाचशे पानांच्या त्या पुस्तकावर ॲमेझॉनवर पहिल्याच दिवसात दीड हजाराहून अधिक परीक्षणे पडली, बरीचशी एक स्टारची. ॲमेझॉनने नऊशेच्या आसपास काढून टाकली. उरलेल्यांत प्रत्यक्ष विकत घेणारे भरपूर होते आणि सरासरी थेट ४.९ वर गेली. आता हे ४.९ अधिक खरे मानायचे का? क्लिंटनबाईंचे पुस्तक पहिल्या दिवशी विकत कोण घेतो, याचा विचार करा. पुस्तक घेणे हीच तिथे राजकीय कृती होती. पावतीने द्वेष गाळला गेला, भक्ती राहिली. मला वाटते, पुस्तके, सिनेमे, नेत्यांच्या नावाचे पदार्थ, 'देशी' म्हणून विकली जाणारी तेले आणि साबण यांबाबत पावतीची अट लागू करूनही वाचकाने आकड्यावर विसंबू नये.

अमेरिकेतलीच आणखी एक घटना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जून २०१८ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी 'रेड हेन' नावाच्या छोट्या उपाहारगृहाच्या मालकिणीने ट्रम्प यांच्या प्रवक्त्या सारा सँडर्स यांना जेवायला न देता बाहेर जायला सांगितले. मग येल्पवर दोन्ही बाजूंचे हजारो शेरे आले. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी, त्या उपाहारगृहाने आधी आपली घाण झालेली दारे-खिडक्या साफ करावीत, अशा अर्थाचे ट्वीट केले. राष्ट्राच्या प्रमुखाने एका खेड्यातल्या खानावळीच्या स्वच्छतेवर अभिप्राय द्यावा, हे माझ्या मते या सगळ्या रोगाचे टोक आहे. त्याहून वाईट हाल झाले ते वॉशिंग्टन शहरातल्या दुसऱ्याच 'रेड हेन'चे. नावाखेरीज संबंध नव्हता. तरी फोनवर धमक्या आल्या, दारावर अंडी फेकली गेली. आपल्याकडे एक्सेल आणि स्नॅपडीलचे झाले तेच. शहाणपणात कुठला देश मागे किंवा पुढे आहे, असे मला दिसत नाही.

युक्रेनवर रशियाने हल्ला केल्यावर, २०२२ च्या फेब्रुवारीअखेर, रशियातल्या हॉटेलांच्या गूगल मॅप्सवरच्या पानांवर युद्धाच्या बातम्या लिहिण्याची कल्पना पुढे आली. तिथल्या लोकांना दुसरीकडून बातमी मिळत नव्हती, त्यामुळे त्या कल्पनेत धैर्यही होते. पण शेऱ्याच्या खोक्यात बातमी घातली की खोके दोन्ही कामांना निकामी होते. गूगलने रशिया, युक्रेन आणि बेलारूस इथले नवे अभिप्राय थांबवले.

राजकारणाचे शेरे धुरळा उडवून दिसतात तरी. पैशाचे शेरे आवाज न करता येतात आणि रोज येतात. पार्सलमध्ये चिठ्ठी निघते: पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत मिळवा. टेलिग्रामवर असे गट आहेत, जिथे वस्तू विकत घ्यायची, पाच स्टार टाकायचे आणि पूर्ण किंमत खात्यात परत घ्यायची. अशा शेऱ्यावर 'खात्रीशीर खरेदी'चा शिक्काही बसतो, कारण खरेदी खरीच असते. राजकीय मोहिमांवर चर्चा करताना या मुक्या फसवणुकीकडे दुर्लक्ष होते, आणि मला शंका आहे की विक्रेत्यांना ते सोयीचेच आहे. आपली वस्तू खरोखर वाईट निघाली तरी, कोणीतरी ठरवून आम्हाला खाली खेचतेय, असे म्हणायला त्यांना एक तयार सबब मिळाली आहे.

आपल्या कायद्यात याबद्दल काय आहे? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला स्वतः ग्राहकाचे सोंग घेऊन शेरे लिहायला मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने 'आयएस १९०००:२०२२' हे ऑनलाइन अभिप्रायांसाठीचे मानक आणले. शेरा लिहिणाऱ्याची ओळख ईमेल किंवा फोनवरून पडताळावी, विकत घेतलेले शेरे छापू नयेत, छपाईपूर्वीची छाननी कशी होते ते जाहीर करावे, असे बरेच शहाणपणाचे त्यात आहे. पण ते आले ते ऐच्छिक म्हणून. ते सक्तीचे करण्याचा विचार ग्राहक व्यवहार खात्याने २०२४ मध्ये कंपन्यांपुढे मांडला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. त्यात खोट्या शेऱ्यामागे ५१ हजार डॉलरहून अधिक दंडाची तरतूद आहे. हे सगळे कायदे व्यापाऱ्याला धरतात, आणि ते योग्यच आहे. घरी बसून रागाने एक स्टार देणारा सामान्य माणूस त्यांच्या कक्षेत येत नाही, आणि येऊही नये. उद्या सरकारने तसा कायदा केलाच, तर पहिला बळी खऱ्या तक्रारदाराचा जाईल. वाईट हॉटेलबद्दल लिहिणाऱ्यावर 'मोहीम चालवली' म्हणून नोटीस येईल.

मग विश्वास कुठून आणायचा? स्टारच्या आधीही लोक वस्तू घेतच होते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र घेत आली आहेत. माल निवडणारे कार्यकर्ते तोच माल स्वतःच्या घरी खातात. डाळीला कीड निघाली तर पुढच्या महिन्यात तोंड दाखवायचे असते.

अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'चा जन्म तर राजकारणातच झाला. तिच्या आधीच्या 'कन्झ्युमर्स रिसर्च' या संस्थेत १९३५ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला; संपकऱ्यांनी बाहेर पडून १९३६ मध्ये कन्झ्युमर्स युनियन काढली. त्यांच्या सुरुवातीच्या अंकांत मोज्यांची आणि साबणांची प्रतवारी असे, आणि तो माल बनवणाऱ्या कामगारांना कसे वागवले जाते याची माहितीही असे. अमेरिकन काँग्रेसच्या देशविघातक कारवाया शोधणाऱ्या समितीने तिला कम्युनिस्टधार्जिणी ठरवून बराच काळ यादीत ठेवले. मला या संस्थेचा आदर वाटतो तो एवढ्यासाठी की, मालकाने कामगारांना छळले म्हणून त्याच्या साबणाची प्रत तिने खाली ढकलली नाही. साबण कसा आहे ते एका जागी आणि कारखाना कसा आहे ते दुसऱ्या जागी. वाचकाने दोन्ही वाचावे आणि आपले ठरवावे. आजच्या स्टारला दुसरी जागाच नाही. म्हणून सगळे त्या एका खोक्यात घुसते.

तसाही तो आकडा प्रामाणिक असला तरी किती सांगतो? बार्ट दे लांगे, फिलिप फर्नबॅक आणि डोनाल्ड लिख्टनस्टाइन यांनी २०१६ मध्ये १,२७२ वस्तूंचे ॲमेझॉनवरचे रेटिंग 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'च्या प्रयोगशाळेतल्या गुणांशी ताडले, तर दोहोंचा मेळ फारच थोडा बसला. मिक्सर दोन वर्षांनी जळतो, शेरा दोन दिवसांत लिहिला जातो. शिवाय लिहितात कोण? फार खूश झालेले आणि फार चिडलेले. बऱ्यापैकी आहे असे वाटणारा माणूस लिहायला बसत नाही. म्हणून मी वस्तू घेताना तीन स्टारचे शेरे आधी वाचतो. झाकण घट्ट बसत नाही पण मोटर चांगली आहे, असे लिहिणाऱ्याने ती वस्तू हातात धरलेली असते. मग तारखा पाहतो. एका आठवड्यात शेऱ्यांचा ढीग आणि मग महिनोन्महिने शांतता असेल, तर त्या आठवड्यात काय घडले ते शोधतो. देश, धर्म, पक्ष यांचा उल्लेख असलेला शेरा बाजूला ठेवतो, मग तो स्तुतीचा असो की शिव्यांचा.

पण हे काम एकेकट्या गिऱ्हाइकाने का करावे? दुकानाने ते करून दाखवायला हवे, आणि ते करता येते. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानात २०१७ मध्ये प्रत्येक खेळाच्या पानावर शेऱ्यांचा कालक्रमाने आलेख लावला गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत तैवानमधल्या एका छोट्या कंपनीचा 'डिव्होशन' हा खेळ असाच सापडला. त्यातल्या एका ताइतावर शी जिनपिंग यांची टिंगल दडलेली आहे असे चिनी खेळाडूंच्या लक्षात आले आणि कालपर्यंत वाखाणलेला खेळ दिवसांत बदनाम झाला. कंपनीने माफी मागून तो मागे घेतला. त्यानंतरच्या महिन्यात स्टीमने नवा नियम जाहीर केला. खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने शेऱ्यांची लाट आली, तर तेवढ्या काळातले शेरे सरासरीतून वगळले जातात, पण पुसले जात नाहीत. गुणांच्या शेजारी खूण येते, आलेखावर तो काळ वेगळा दिसतो, कोणालाही ते शेरे उघडून वाचता येतात, आणि वगळणे पटत नसेल त्याला सेटिंगमध्ये एक बटन दाबून ते परत मोजता येतात.

मानक ब्युरोच्या त्या मानकाला सक्तीचे स्वरूप देताना एवढी एक गोष्ट त्यात घालावी: किती शेरे वगळले, कुठल्या तारखांचे आणि कुठल्या कारणाने, हे रेटिंगच्या खालीच मराठीत, हिंदीत, इंग्रजीत दिसले पाहिजे, आणि ज्याचा शेरा वगळला त्याला तसे कळवले पाहिजे. यासाठी लागणारी सगळी माहिती कंपन्यांच्या संगणकात आजही आहे.